आपोआप लागलेला दिवा

फोनआजींनी पांघरुणातून फक्त अंगठा बाहेर काढला आणि स्वयंपाकघरातली किटली चालू केली.

आधी काहीच झालं नाही. मग भिंतीपलीकडे 'टक' झालं, आणि थोड्या वेळाने किटली दमेकऱ्यासारखी धापा टाकायला लागली. फोनआजींनी अंगठा परत आत घेतला. खिडकीच्या काचा धुक्याने पांढऱ्या झाल्या होत्या आणि फरशीवर पाय टेकवणं म्हणजे शिक्षा होती. इथे मात्र अंथरुणात पडल्या पडल्या त्यांच्या हुकमाने पाणी उकळत होतं. राणीलासुद्धा एवढं सुख नसेल, त्या मनात म्हणाल्या. राणीला निदान नोकराला हाक तरी मारावी लागते.

ही करामत त्यांची मुलगी आदल्या दिवशी करून गेली होती. तिने खोक्यातून चार पांढरे प्लग काढून टेबलावर मांडले. मुठीत मावतील एवढे, मागे पिना, पुढे भोकं. हा भिंतीत खोचायचा आणि आपल्या वस्तूची पिन त्याच्यात.

"नवीन काही घ्यायला नको, आई," मुलगी म्हणाली. "तुझी जुनीच किटली, तुझाच रेडिओ. हा फक्त मध्ये बसतो. फोनवरून ह्याला सांगायचं, हा पुढे सांगतो."

"म्हणजे मधला माणूस."

"हो, तसंच."

"मी जन्मभर तेच केलं. मला निदान पगार मिळायचा."

हे मात्र खरं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून फोनआजींनी एकाची तार दुसऱ्याला जोडण्यात सगळी नोकरी काढली होती. नाव त्यावरूनच पडलं. नोकरीतल्या गोष्टी त्या अजून सांगायच्या, आणि दर वेळी त्यातल्या माणसांचा हुद्दा एकेक पायरी वर चढलेला असायचा.

मुलीने एकच अट घातली. ज्या वस्तूचा खटका एकदा दाबला की दाबलेलाच राहतो, तीच ह्या प्लगने शहाणी होते. ज्या वस्तूला प्रत्येक वेळी बटण दाबून उठवावं लागतं, तिच्यापुढे ह्याचं काही चालत नाही. आणि हीटरला लावायचा नाही, जळेल. म्हणून घरातला गुळगुळीत नवा ओव्हन अडाणीच राहिला आणि जुनी किटली, त्याहून जुना खरखरणारा रेडिओ एका दुपारीत हुशार झाले. फोनआजींना ह्याचा फार आनंद झाला. ओव्हन मुलीने आणलेला होता.

तिसरा प्लग खिडकीतल्या दिव्याला लागला.

हा दिवा पितळी मानेचा, हिरव्या काचेच्या टोपीचा. फोनआजी कधी सांगायच्या की तो एका बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाच्या टेबलावरचा. कधी सांगायच्या की एका राजदूताने दिला, कारण त्याच्या बायकोचा आणि त्याच्या मैत्रिणीचा फोन एकाच वेळी आला होता, आणि फोनआजींनी त्या दोघींना एकमेकींशी जोडून दिलं नाही. खरं तर एक्स्चेंज बंद झालं तेव्हा भंगारात निघालेल्या सामानातून त्यांनी तो पिशवीत घालून आणला होता. गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी राजदूताची गोष्ट कोणी अर्ध्यावर तोडत नसे.

दिव्याचं काम होतं ते समोरच्या खिडकीशी. गल्ली इतकी अरुंद की खालून मोठी गाडी आली तर माणसं दुकानांच्या पायऱ्यांवर चढायची. समोरच्या इमारतीत, तिसऱ्याच मजल्यावर, टेलरमावशी राहायच्या. पूर्वी दोघी खिडकीतून खिडकीत बोलायच्या. मग मावशींचे कान उतरले. पूर्ण नाही, पण एवढे की "काय चाललंय" हेसुद्धा गल्लीभर ऐकू जाईल असं विचारावं लागे, आणि मावशींच्या आधी खालून बेकरीवालाच उत्तर देई. टेलिफोनवर तर त्यांना नुसती घरघर ऐकू यायची. गुडघे जिना उतरायला राजी नसायचे. तेव्हा फोनआजींनी दिव्याची भाषा काढली. दोनच शब्दांची.

पहाटे अंधारात दिवा एकदा लावायचा. म्हणजे, मी उठले, मी खिडकीत आहे. समोरून मावशींच्या शिवणाच्या मशीनवरचा वाकड्या मानेचा छोटा दिवा लागायचा. म्हणजे, मी पण. आणि दिवा लावून, विझवून परत लावला तर त्याचा अर्थ, ये.

'ये' बहुतेक मावशींकडूनच यायचं, कारण जिने चढणं फोनआजींनाच जमायचं. न बोलावता गेलेलं मावशींना खपत नसे. मापं डोक्यात असताना कोणी दारात येऊन बोलायला लागलं की त्यांची बाही वाकडी जायची, आणि ती वाकडी बाही त्या पुढे वर्षभर बोलून दाखवायच्या. त्यामुळे रीत पडली होती. समोरून दोनदा दिवा लागला की जायचं. आणि आपला दिवा लावला की समोरचं उत्तर येईपर्यंत खिडकी सोडायची नाही.

किटलीच्या त्या पहिल्या सकाळी समोरून दोनदा दिवा लागला. फोनआजी उरलेला चौथा प्लग स्वेटरच्या खिशात घालून समोरचा जिना चढल्या.

"हे घे, मास्तर," त्यांनी प्लग मशीनवर ठेवला. मावशींना गल्लीत सगळे मावशी म्हणत, पण शिवणाऱ्याला मास्तरच म्हणायचं असा फोनआजींचा हट्ट होता; उलट मावशी त्यांना ऑपरेटर म्हणायच्या. "तुझ्या दिव्याला लावून देते. उद्यापासून झोपून राहायचं आणि बोटाने दिवा लावायचा."

"आत्ता कशाने लावते? कोपराने?"

"अगं, उठायचं नाही. थंडीत पाय खाली टेकवायचा नाही."

मावशींनी प्लग उचलला, चष्म्याजवळ नेला, उलटा केला, आणि कापड बघून गिऱ्हाइकाला परत करावं तसा खाली ठेवला.

"मग उठले आहे असं तुला कसं कळणार?"

"दिवा लागेल ना."

"दिवा उठला असं कळेल. मी उठले असं कुठे कळतंय?"

"तू म्हणजे अगदीच ही आहेस. माझी किटली बघ. मी हुकूम सोडते, ती उकळते. काल मी तिला म्हटलं, साखर पण घाल, तर म्हणाली, तेवढं शिकवलेलं नाही अजून."

"छान," मावशी दोऱ्याचं टोक ओठात धरून म्हणाल्या. "तुझ्या घरात आता तुला सोडून सगळ्यांना अक्कल आली."

हसण्यावारीच न्यायचं होतं ते. फोनआजी हसल्याही. पण उठताना तोंडातून निघून गेलंच, "राहा मग तशीच अडाणी." मावशींचे कान उतरल्यापासून एक गंमत झाली होती. ऐकू यायला हवं ते ऐकू यायचं नाही, आणि नको ते पहिल्यांदाच कळायचं. त्यांनी मान खाली घातली आणि मशीनचं चाक फिरवलं. चौथा प्लग बटणांच्या डब्याशेजारी तसाच राहिला.

सुरुवातीला फोनआजी अंथरुणातून दिवा लावायच्या आणि मग पांघरुणासकट खिडकीशी यायच्या. समोरचा दिवा बघायच्या आणि परत पडायच्या. मग थंडी वाढली. मग मुलीने फोनवर सहज सांगितलं की रोज अंगठा तरी कशाला लावतेस, वेळ ठरवून ठेव, आपोआप लागेल. फोनआजींनी वेळ ठरवली. पहिल्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. तशाच अनवाणी खिडकीकडे धावल्या. त्यांचा दिवा इमानेइतबारे जळत होता. समोर मशीनवरचा दिवाही जळत होता, आणि मावशींची पांढरी मान कापडावर वाकलेली होती.

काही बिघडलं नव्हतं. काहीच नाही. फोनआजींनी हाताने दिवा विझवला. मग आठवलं की हाताने विझवायचा नाही, नाहीतर उद्या लागायचा नाही. खटका परत दाबला आणि फोनवरून विझवला.

त्यानंतर त्या निवांत झोपू लागल्या. किटलीचीही वेळ लावून टाकली. आयुष्यभर पहाटेच्या पाळीला उठलेल्या बाईला उशिरा उठण्याची चव कळली की ती सोडवत नाही.

दिवसभराचा वेळ मजेत जायचा. रेडिओ आता कुठूनही लावता यायचा. एकदा मीटर वाचणारा त्यांच्या बंद दाराशी उभा असताना त्यांनी खाली बेकरीतून रेडिओ लावला. कुलूप लावलेल्या घरातून एकदम बातम्या सुरू झाल्या, आणि तो माणूस जिन्यावरून इतक्या लगबगीने उतरला की वहीच विसरला. बेकरीवाला पोट धरून हसला. फोनआजींनी ही गोष्ट आठवड्याभरात इतकी वाढवली की तो माणूस शेवटी खिडकीतून उडी मारून पळाला होता आणि खालच्या पावाच्या गाडीवर पडून वाचला होता.

मावशींना ही गोष्ट सांगायची राहिली होती. ऐकणारे अनेक होते, पण मावशींची ऐकायची तऱ्हा वेगळी होती. त्या मध्येच हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "इथे उसवलंय. इथे परत शिव." मग फोनआजी ती थाप तिथून उसवून नव्याने शिवायच्या. पक्की थाप मावशींच्या हाताखालून गेल्याशिवाय गल्लीत यायची नाही.

पण समोरून दोनदा दिवा लागत नव्हता. निदान फोनआजींना तसं वाटत होतं. दिवसा कधी नजर गेली तर मावशींची मान खालीच. एकदा फोनआजींनी हात केला. मावशींनी वर बघितलं, जरा वेळ बघत राहिल्या, आणि पुन्हा शिवायला लागल्या. लागलं असेल अडाणी म्हटलेलं, फोनआजींनी विचार केला. उतरेल. बोलावेल तेव्हा जाऊ. आणि स्वतःच्या हट्टावर खूश होऊन रेडिओचा आवाज वाढवला.

त्या दिवशी दुपारपासून आभाळ भरून आलं होतं. फोनआजी बेकरीत पाव घेत होत्या, तेवढ्यात समोरच्या जिन्यातून दोन माणसं उलट्या पावली काहीतरी जड उतरवत बाहेर आली. आधी लोखंडी पाय दिसले. मग पायडल. मग काळी चकचकीत मान, सोनेरी वेलबुट्टी घासून गेलेली. मशीनच्या कपाळावर जिथे दिवा असायचा तिथे नुसते दोन स्क्रूचे छेद होते.

"हे कुठे चाललं?" फोनआजींनी विचारलं.

बेकरीवाल्याने पाव बांधता बांधता त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही? मावशी उद्या जातात ना मुलाकडे. कायमच्या."

पाव तिथेच राहिले.

समोरचा जिना त्या न बोलावता चढल्या. दार उघडंच होतं. खोलीत कपड्यांची गाठोडी होती, भिंतीवर मापाच्या टेपच्या जागी नुसता खिळा होता, आणि खिडकीपाशी जिथे मशीन असायचं तिथे फरशीवर चार फिकट ठिपके होते. मशीनवरचा छोटा दिवा तेवढा मावशींच्या मांडीवर होता. त्या त्याची वायर हळूहळू गुंडाळत होत्या.

"मशीन दिलंस?" फोनआजी ओरडून म्हणाल्या.

"दिलं. तिकडे जागा नाही. दिवा नाही दिला." मावशींनी वर पाहिलं नाही. "आलीस ते बरं झालं. मला वाटलं, निघतानासुद्धा तू तिथूनच बघत बसणार."

"कुठून बघत?"

"तुझ्या खिडकीतून. रोज बघत होतीसच ना."

फोनआजींना कळेना. मावशींनी वायरीचा वेढा पुरा केला आणि शांतपणे, बिल समजावून सांगावं तसं सांगितलं. मुलगा आला होता, म्हणाला चल. जावं की राहावं, त्यांना ठरवता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे दोनदा दिवा लावला. समोर दिवा जळत होता, म्हणजे ऑपरेटर खिडकीत आहे. आली नाही. वाटलं, नसेल जमलं. पुढच्या पहाटे परत लावला. मग रोजच. रोज समोर दिवा, आणि जिन्यावर पाऊल नाही.

"म्हटलं, प्लग घेतला नाही म्हणून रुसली. उतरेल रुसवा. लावत राहिले." "मग एके दिवशी मुलाला फोन लावला आणि हो म्हटलं. त्याचं बोलणं ऐकू आलं नाही, पण माझं हो त्याला ऐकू गेलं."

फोनआजी मशीनच्या जागी उभ्या होत्या, त्या चार ठिपक्यांच्या मध्ये. इथून त्यांना स्वतःची खिडकी दिसत होती. बंद, अंधारी, पडदा अर्धा सरकलेला. इतकी वर्षं त्या ह्या खोलीत येत होत्या, पण आपली खिडकी मावशींच्या जागेवरून कधी बघितली नव्हती. इथून फक्त दिव्याची हिरवी टोपी दिसायची. दिव्यामागचं माणूस पहाटेच्या अंधारात दिसणं शक्यच नव्हतं.

"मी नव्हते," त्या म्हणाल्या.

"काय?"

आणि मग तेच त्यांना मोठ्याने सांगावं लागलं, दार उघडं असताना, जिन्यात ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "मी खिडकीत नव्हते. दिवा आपोआप लागत होता. वेळ लावून ठेवली होती. मी झोपलेली असायचे."

मावशींच्या तोंडावर सावकाश हसू आलं, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला बघून यावं तसं.

"ही चांगली आहे, ऑपरेटर. राजदूतापेक्षा चांगली."

"थाप नाही गं ही."

"फक्त झोपलेली असायचे, तिथे उसवलंय. पहाटेच्या पाळीची बाई तू. तुला झोप लागेल कशी? तिथे आजारी होते असं घाल. बसेल."

"मास्तर, देवाशपथ खरं सांगते."

"देवाशपथ तू जहाजाच्या वेळीपण म्हणाली होतीस."

फोनआजींनी स्वेटरच्या खिशातून फोन काढला. घाईत बोट पहिल्यांदा भलतीकडेच लागलं आणि समोरच्या बंद घरात कुठेतरी रेडिओ सुरू झाला असणार. दुसऱ्यांदा नीट लागलं.

गल्लीपलीकडे, कोणी नसलेल्या खोलीत, दिवा लागला.

मावशींच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तिथेच राहिलं, विसरल्यासारखं. त्यांनी चष्मा काढला, पदराच्या टोकाने पुसला आणि परत लावला. दिवा जळत होता. हिरवी टोपी, तिच्याखाली पिवळा उजेड. अगदी रोजच्यासारखा.

"विझव."

फोनआजींनी विझवला.

"परत लाव."

लावला.

मावशी त्या उजेडाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोनदा लावलास. आता कोणाला बोलावतेस तिथे?"

फोनआजींना उत्तर सुचलं नाही. त्यांना उत्तर सुचलं नाही असं मावशींनी कधी पाहिलं नव्हतं, आणि बहुधा त्यामुळेच त्यांची खात्री पटली. त्या उठल्या, गुडघे धरून, आणि मांडीवरचा दिवा गाठोड्यावर ठेवला.

"अजून वेळ आहे," फोनआजी म्हणाल्या. "त्याला सांग, येत नाही म्हणून. मी सांगते. मी फोन लावते आत्ता."

"ही जागा दिली गं. दुसरे येतायत इथे राहायला."

"मी आले असते तर मी काय म्हटलं असतं, हे तुला माहीत नव्हतं का?"

"माहीत होतं."

"मग?"

"तेच ऐकायचं होतं." मावशींनी खिडकीची कडी लावली. काचेतून दिवा अजून दिसत होता. "रुसली होतीस असंच राहू दिलं असतंस तर बरं झालं असतं. रुसलेली का होईना, मला वाटायचं, तिथे आहेस."

खालून भांडी रचल्याचा आवाज येत होता. बेकरी बंद होत होती. फोनआजी गाठोड्यांकडे बघत होत्या. मग त्या खाली बसल्या आणि एका गाठोड्याची सैल गाठ सोडून परत घट्ट बांधायला लागल्या. मावशींनी बांधू दिली. मग दुसरी. मग बटणांचा डबा. त्यात वर चौथा प्लग होता, पांढरा, तसाच. फोनआजींनी तो बघितला आणि खिशात टाकला.

निघताना मावशी म्हणाल्या, "उद्या खाली येऊ नकोस. मुलासमोर मला रडायचं नाही, आणि तू तर त्याला काहीतरी राजदूत-बिजदूत सांगत बसशील. खिडकीत राहा."

"राहते."

"हाताने लाव."

"हो."

फोनआजींनी घरी जाऊन पहिली गोष्ट केली ती ही की दिव्याखालचा प्लग उपटून काढला आणि दिव्याची पिन सरळ भिंतीत घातली. रेडिओ खरंच चालू होता. कोणीतरी कुठल्याशा शहरातलं हवामान सांगत होतं. त्यांनी तो बटण पिळून बंद केला. त्या रात्री त्यांना गजराची गरज लागली नाही.

पहाट नावालाच झाली होती. आभाळ इतकं खाली आलं होतं की गल्लीतल्या खांबांवरचे दिवे अजून जळत होते. फोनआजींनी अनवाणी पायांनी खिडकी गाठली, खटक्यावर बोट ठेवलं आणि दिवा लावला. 'टक' हा आवाज त्यांनी बोटाने ऐकला. समोरची खिडकी अंधारी होती. तिथे आता लावायला दिवा नव्हता.

खाली गाडी आली. मुलाने मागचं दार उघडून गाठोडी भरली. आईचा हात धरून त्याने तिला पायरीवरून उतरवलं. मावशींच्या काखेत काहीतरी कापडात गुंडाळलेलं होतं, त्यातून वाकडी मान बाहेर आली होती. त्या गाडीशी थांबल्या. मुलगा काहीतरी म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नाही किंवा त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी वर बघितलं.

दिवा जळत होता.

फोनआजींना त्याच क्षणी कळलं की खालून ह्यात काय दिसत असेल. हिरवी टोपी, पिवळा उजेड. रोज दिसायचं तेच. त्यांनी घाईने दिवा विझवला, परत लावला. पण हेही त्यांनीच काल दाखवलं होतं की हे अंथरुणातूनही होतं, बेकरीतूनही होतं, कुठूनही होतं. मावशी तशाच मान वर करून उभ्या होत्या. वाट बघत होत्या की नुसत्या बघत होत्या, ते तिसऱ्या मजल्यावरून समजत नव्हतं.

फोनआजींनी दिवा तसाच राहू दिला आणि त्याच्या पुढे आल्या. काचेला छाती टेकेपर्यंत पुढे आल्या आणि दोन्ही हात बाजूला पसरले. उजेड झाकला गेला. खालून आता दिवा दिसत नसणार. दिसलीच तर खिडकीभर एक काळी, बुटकी, विसकटल्या केसांची आकृती.

मावशींनी हात वर नेला. चष्म्यापर्यंत नेला, की चष्म्याच्या वर? श्वासाने काच पांढरी झाली होती आणि हात मोकळे नव्हते, म्हणून फोनआजींना ती पुसता आली नाही. दार लागल्याचा आवाज आला. गाडी मागे सरकली, कोणाच्या तरी पायरीपाशी अडखळली आणि गल्लीतून बाहेर गेली.

त्या तशाच उभ्या राहिल्या. दिव्याची ऊब पाठीला लागत होती. आत, स्वयंपाकघरात, ठरवून दिलेल्या वेळेला किटली उकळायला लागली, चांगली खळखळली, आणि आपली आपण बंद झाली.